‘यातून कोणी वाचलं असेल?’ : चक्काचूर विमानाचा फोटो काय सांगतो आणि काय लपवतो

१६ जुलै २०२१, शुक्रवार. पावसाळ्याचे दिवस, सातपुड्याचा पायथा हिरवागार. धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर इथल्या एनएमआयएमएसच्या वैमानिक प्रशिक्षण संस्थेचं एक छोटं विमान सरावासाठी उडालं आणि शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, चोपडा तालुक्यातल्या वर्डी शिवाराजवळच्या डोंगराळ भागात कोसळलं. विमानात दोघंच होते. प्रशिक्षक वैमानिकाचा मृत्यू झाला. प्रशिक्षणार्थी तरुणी गंभीर जखमी झाली, पण वाचली.

आवाज ऐकून आजूबाजूचे आदिवासी बांधव आणि गावकरी धावले. गाडी जाईल असा रस्ता नव्हता आणि स्ट्रेचर असण्याचा प्रश्नच नव्हता. तेव्हा एका आदिवासी महिलेने आपली साडी दिली, तिची झोळी झाली आणि त्या झोळीतून जखमी मुलीला झाडाझुडपांतून रस्त्यापर्यंत आणलं गेलं. संध्याकाळपर्यंत चुरगळलेल्या विमानाची छायाचित्रं खानदेशभर मोबाइलवर फिरत होती.

असा फोटो पाहिला की पहिला प्रश्न ठरलेला असतो, ‘यातून कोणी वाचलं असेल?’ दुसरा लगेच मागून येतो, ‘फोटो खरा आहे ना? की दुसऱ्याच अपघाताचा?’ जून २०२५ मध्ये अहमदाबादला एअर इंडियाचं विमान कोसळलं. विमानातल्या २४२ जणांपैकी एकच प्रवासी वाचला. तो स्वतःच्या पायांनी चालत येतानाची चित्रफीत साऱ्या देशाने पाहिली, आणि तरीही ‘हे कसं शक्य आहे?’ अशा शंका काढल्या गेल्या.

या दोन्ही प्रश्नांना विज्ञानाकडे उत्तरं आहेत. शिवाय एक तिसरा प्रश्नही आहे. तो आपल्याला सहसा सुचत नाही, पण अपघातातून वाचलेल्या माणसाला आणि त्याच्या घरच्यांना फार छळतो. वाचलेल्या माणसालाच कधी कधी तो फोटो खोटा का वाटतो?

वेग मारत नाही, अचानक थांबणं मारतं

सावदा-रावेरकडे केळीचे घड गाडीत भरताना बघितलं असेल. घडाखाली आणि दोन घडांच्या मध्ये केळीची पानं घालतात. गाडी खड्ड्यात आदळली तर तो दणका आधी पानं घेतात, केळी नाही. छोट्या विमानातला माणूस वाचतो तो याच तत्त्वावर.

दोन आसनी प्रशिक्षण विमान हवेत तरंगण्यासाठी लागणारा किमान वेग ताशी साधारण ७५ ते ८५ किलोमीटर असतो. मोठं प्रवासी विमान उतरताना ताशी अडीचशे किलोमीटरच्या आसपास असतं. वेग तिप्पट झाला की धडकेची ऊर्जा तिप्पट होत नाही, नऊपट होते. म्हणजे छोट्या विमानाची धडक, वैमानिकाने ते शेवटपर्यंत थोडंफार ताब्यात ठेवलं असेल तर, महामार्गावरच्या मोटारीच्या धडकेच्या जवळ जाते. ती भयंकरच असते, पण दर वेळी जीवघेणी ठरेल असं नाही.

आता साधा हिशेब करू. ताशी ९० किलोमीटर म्हणजे सेकंदाला २५ मीटर. या वेगाचं विमान शेतात घसरत, बांध ओलांडत दहा मीटरमध्ये थांबलं, तर आतल्या माणसावर त्याच्या वजनाच्या तिपटीहून थोडा जास्त भार येतो. एक मीटरमध्ये थांबलं तर हाच भार सुमारे ३२ पट होतो. आणि खडकावर आपटून पाव मीटरमध्ये थांबलं, तर १२५ पटींच्याही वर जातो. वेग तिन्ही वेळा एकच होता. फरक पडला तो थांबायला मिळालेल्या अंतराने.

शरीर किती सोसू शकतं? अमेरिकेच्या हवाई दलातले डॉक्टर जॉन स्टॅप यांनी याचा प्रयोग स्वतःवरच केला. १० डिसेंबर १९५४ रोजी ते रॉकेटवर चालणाऱ्या घसरगाडीत पट्ट्यांनी करकचून बांधून घेऊन बसले. गाडी ताशी हजार किलोमीटरच्या वर गेली आणि १.४ सेकंदात थांबली. त्या क्षणी त्यांच्या शरीरावर वजनाच्या ४६ पट भार आला. डोळ्यांत रक्त उतरलं, काही काळ दिसेनासं झालं, पण ते वाचले आणि पुढे अनेक वर्षं जगले. भार क्षणभरच असेल, शरीर नीट बांधलेलं असेल आणि कुठलीही टणक वस्तू अंगावर येत नसेल, तर माणूस आपल्याला वाटतं त्यापेक्षा बरंच सहन करतो, हे त्यांनी दाखवून दिलं. अलीकडच्या छोट्या विमानांच्या पुढच्या खुर्च्या म्हणूनच समोरून येणारा २६ पट भार सोसतील अशा चाचणीतून जातात.

फोटोत जे मोडलेलं दिसतं, त्यानेच वाचवलेलं असतं

इथेच फोटो आपल्याला चकवतो. पंख तुटून पडलेले, शेपटी मुडपलेली, पुढचं नाक चेपलेलं, चाकं कुठेतरी लांब. हे पाहून आपण मनात म्हणतो, संपलं. पण पंख झाडाला अडकून तुटला तेव्हा त्याने धडकेची बरीच ऊर्जा स्वतःवर घेतलेली असते. चाकांचे दांडे वाकले, नाक आत गेलं, जमिनीत चर पडला, या प्रत्येक गोष्टीने विमानाला थांबायला थोडं थोडं अंतर मिळवून दिलेलं असतं. केळीच्या पानांचंच काम.

म्हणून अपघातांचा अभ्यास करणारे अशा फोटोत आधी पंख बघत नाहीत. त्यांची नजर बसायच्या जागेवर जाते. माणूस बसेल एवढी पोकळी शिल्लक आहे का? खुर्ची जमिनीला धरून आहे का? पट्टा तुटला की टिकला? आत डोकं आपटेल असं काय आहे? नंतर आग लागली का? या पाच प्रश्नांची उत्तरं अनुकूल असतील तर बाहेरून भंगार दिसणाऱ्या विमानातूनही माणूस जिवंत निघतो. उलट, बाहेरून बऱ्यापैकी शाबूत दिसणाऱ्या विमानातही पट्टा नीट नसल्यामुळे किंवा आगीमुळे जीव जाऊ शकतो.

असा विचार पहिल्यांदा नेटाने केला तो स्वतः विमान अपघातातून वाचलेल्या एका माणसाने. ह्यू डीहेवन नावाचा अमेरिकन तरुण पहिल्या महायुद्धात, १९१७ मध्ये, टेक्सासमध्ये वैमानिकाचं प्रशिक्षण घेत होता. सरावात दोन विमानं हवेतच एकमेकांवर आदळली. डीहेवन वाचला, पण पोटातले अवयव फाटले आणि त्याला कित्येक महिने रुग्णालयात काढावे लागले. लोक ‘दैव बलवत्तर’ म्हणाले. त्याला ते पटलं नाही. त्याच्या लक्षात आलं की आपण बसलो होतो ती जागा बऱ्यापैकी शाबूत राहिली होती, आणि पोटातली इजा झाली ती कमरेच्या पट्ट्याच्या टणक बकलामुळे.

पुढे उंचावरून पडूनही वाचलेल्या लोकांच्या हकिगती त्याने गोळा केल्या. कोणी बागेतल्या नुकत्याच उकरलेल्या मातीवर पडलं होतं, कोणी पत्र्याच्या पेटीवर, आणि ती पेटी चेपली होती. १९४२ मध्ये त्याने पन्नास ते दीडशे फुटांवरून पडून वाचलेल्यांचं यांत्रिक विश्लेषण प्रसिद्ध केलं. न्यूयॉर्कच्या कॉर्नेल वैद्यकीय महाविद्यालयात अपघाती इजांवर संशोधनही सुरू केलं. गाडीचा चेपणारा पुढचा भाग, खांद्यावरून येणारा पट्टा, मऊ डॅशबोर्ड या आज आपण गृहीत धरतो त्या गोष्टींमागे त्या कामाचा मोठा हात आहे.

शेजारी शेजारी बसलेले दोघे

मग एकाच विमानात, हातभर अंतरावर बसलेल्या दोघांपैकी एक वाचतो आणि दुसरा जातो, असं का होतं? वाचलेल्याच्या मनाला हा प्रश्न वर्षानुवर्षं टोचत राहतो.

विमान जमिनीवर सरळ, तोलून आदळत नाही. बहुतेकदा एक पंख आधी झाडाला किंवा उंचवट्याला लागतो आणि विमान त्या बाजूला गरकन फिरतं. एका बाजूची पोकळी चेपते, दुसरीची राहते. एका बाजूने फांदी किंवा खडक आत घुसतो. शरीराची ठेवण, उंची, हात त्या क्षणी कुठे होते, पट्टा किती घट्ट होता, यानेही फरक पडतो. यातलं काहीही वाचलेल्या माणसाने ठरवलेलं नसतं. एखाद्या ठरावीक अपघातात नेमकं काय घडलं, हे सांगण्याचं काम विमान अपघात तपास विभागाचं असतं. फोटो पाहून ते ठरवता येत नाही.

दुखापतींचाही एक साचा असतो. विमानाचं नाक चेपलं की इंजिन आणि पुढची भिंत मागे सरकते आणि पायांखालची पेडलं पायांवर येतात. त्यामुळे घोटा आणि नडगीची हाडं मोडणं छोट्या विमानाच्या अपघातात नेहमीचं आहे. विमान वरून खाली दणकन बसलं तर भार कण्यावर येतो आणि कमरेच्या वरचा मणका चेपतो. वर्डीजवळच्या अपघातातल्या प्रशिक्षणार्थीच्याही पायाला गंभीर दुखापत झाली होती.

मांडीचं हाड मोडलं तर बाहेर थेंबभर रक्त न दिसताही आतल्या आत लिटर-दीड लिटर रक्त साठू शकतं. म्हणूनच ‘शुद्धीवर आहे, बोलतोय, म्हणजे ठीक आहे’ हा समज धोक्याचा. घाम, गार पडलेले हातपाय, वेगवान बारीक नाडी, वाढती अस्वस्थता ही लक्षणं असतील तर रुग्णालय गाठण्याची घाई हवी.

फोटो खरा, समज चुकीचा

आता शंकेच्या दुसऱ्या भागाकडे येऊ. अपघाताचा फोटो खरा असूनही दिशाभूल करू शकतो. त्याची कारणं साधी आहेत.

पहिलं कारण वेळेचं. बातमीतला फोटो धडकेच्या क्षणाचा नसतो, सुटकेनंतरचा असतो. जखमींना काढण्यासाठी दार उचकटलेलं असतं, पत्रा कापलेला असतो, खुर्ची बाहेर ओढलेली असते. ‘बघा, खुर्चीच उडून गेली’ असं आपण म्हणतो, पण ती लोकांनीच हलवलेली असू शकते.

दुसरं कारण कोनाचं. मोबाइलच्या भिंगाने अगदी जवळून काढलेल्या फोटोत पुढचा तुकडा अवाढव्य आणि मागचा भाग चिमुकला दिसतो. लांबून मोठ्या भिंगाने काढलेल्या फोटोत उलट होतं. वीस मीटरवर पडलेला पंख अगदी शेजारी असल्यासारखा भासतो. फोटो कातरताना कडेचा घसरल्याचा चर वगळला गेला, तर ‘विमान सरळ वरून पडलं’ असा समज होतो.

तिसरं कारण अदलाबदलीचं. ताजा फोटो हाती नसला की जुना किंवा परदेशातला फोटो फिरू लागतो. आता संगणकाने बनवलेल्या चित्रांचीही त्यात भर पडली आहे. थोडं थांबून पाहिलं तर बऱ्याच गोष्टी कळतात. भारतात नोंदवलेल्या विमानाच्या अंगावरची अक्षरं ‘व्हीटी’ने सुरू होतात. विमान दोन आसनी असल्याची बातमी आहे आणि फोटोत खिडक्यांची रांग दिसते, तर काहीतरी चुकलं आहे. पंख छताच्या पातळीवर आहेत की पोटाखाली, इंजिन एक की दोन, हेही जुळायला हवं. जुलैतल्या सातपुड्याच्या पायथ्याचा फोटो म्हणून पिवळं वाळकं गवत दाखवलं असेल, तर खानदेशातल्या माणसाला सांगायला दुसरा तज्ज्ञ लागू नये. इंटरनेटवर चित्र टाकून ते पूर्वी कुठे आलं होतं, हे शोधण्याची सोयही मोबाइलवर आहे.

म्हणजे शंका घेण्यात वाईट काही नाही. पण ‘फोटो खरा वाटत नाही’ यावरून ‘अपघातातून वाचलेला माणूस खोटं बोलतो’ इथे उडी मारणं अन्यायाचं आहे.

‘हे आमचं विमान नव्हेच’

वाचलेल्या माणसाच्या शंकेची गोष्ट वेगळी आहे. वॉर्डातल्या खाटेवर पडलेल्या जखमीला कोणीतरी वर्तमानपत्रातला फोटो दाखवतं आणि तो म्हणतो, ‘हे आमचं विमान नव्हेच. असं झालंच नव्हतं.’ घरचे घाबरतात. डोक्यावर परिणाम झाला की काय?

बहुतेक वेळा यामागे साधं शरीरशास्त्र असतं. डोक्याला मार लागला की मेंदूतली नव्या घटना साठवण्याची यंत्रणा काही काळ थांबते. धडकेआधीची काही मिनिटं आणि नंतरचे काही तास, कधी दिवसही, साठवलेच जात नाहीत. रुग्ण या काळात बोलतो, नाव सांगतो, पाणी मागतो, पण नंतर त्याला यातलं काही आठवत नाही. जे साठवलंच गेलं नाही, ते आठवायचा आग्रह धरून उपयोग नसतो.

डोक्याला मार नसला, तरी भीतीच्या क्षणी लक्ष एका बिंदूवर एकवटतं. एखादा काटा, समोर येणारं झाड, शेजाऱ्याचा हात. बाकीचं चित्र मेंदू टिपतच नाही. ‘सगळं हळूहळू घडलं’ असंही अनेक जण सांगतात. अमेरिकी मेंदूशास्त्रज्ञ डेव्हिड ईगलमन यांच्या चमूने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात लोकांना ३१ मीटर उंचीवरून खाली जाळीत सोडलं. स्वतःच्या पडण्याला लागलेला वेळ त्यांना, दुसऱ्याला पडताना पाहिलं त्यापेक्षा, सरासरी ३६ टक्के जास्त वाटला. पण त्या काळात त्यांना जास्त बारीक काही दिसत होतं का, हे तपासलं तर तसं आढळलं नाही. वेळ संथ झाला नव्हता, आठवण दाट झाली होती.

शिवाय आत बसलेल्याने विमान बाहेरून पाहिलेलंच नसतं. त्याच्या आठवणीत काच, पॅनेल, आभाळ आणि झाडांचे शेंडे असतात. फोटोत बाहेरून, वरून पाहिलेला सांगाडा असतो. दोन्ही खरं, पण एकमेकांशी जुळत नाही.

आठवणीत घुसलेला फोटो

काही महिन्यांनी याच्या उलटही होतं. फोटो इतक्या वेळा पाहिलेला असतो की तोच आठवण होऊन बसतो.

४ ऑक्टोबर १९९२ रोजी अ‍ॅमस्टरडॅममध्ये एक मालवाहू बोइंग विमान रहिवासी इमारतींवर कोसळलं. धडकेच्या क्षणाचं चित्रीकरण कुठेही झालेलं नव्हतं. दहा महिन्यांनी डच मानसशास्त्रज्ञांनी लोकांना विचारलं, ‘विमान इमारतीवर आदळतानाचं दृश्य तुम्ही टीव्हीवर पाहिलं का?’ ५५ टक्के लोक ‘हो’ म्हणाले. काहींनी विमान कुठल्या कोनात आलं, आग कधी लागली, हेही सांगितलं. हे लोक खोटारडे नव्हते. नंतरची दृश्यं, ऐकलेल्या बातम्या आणि स्वतःची कल्पना यांतून मेंदूने चित्र बनवलं होतं.

अमेरिकेतल्या मानसशास्त्रज्ञ एलिझाबेथ लॉफ्टस यांनी १९७४ मध्ये दाखवलं की प्रश्नातला एक शब्दही पुरतो. मोटार अपघाताची एकच फिल्म पाहिलेल्यांना ‘गाड्या एकमेकींवर चक्काचूर होऊन आदळल्या तेव्हा’ असं विचारलं, तर त्यांनी वेग जास्त सांगितला. आठवड्याने त्यांच्यातल्या अधिक जणांना फुटलेली काचही ‘आठवली’. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

१९८६ मध्ये चॅलेंजर यान फुटलं, त्याच्या दुसऱ्या दिवशी काही विद्यार्थ्यांकडून ‘बातमी कुठे, कशी कळली’ हे लिहून घेतलं होतं. अडीच वर्षांनी त्यांना पुन्हा विचारलं, तेव्हा अनेकांच्या हकिगती बदललेल्या होत्या. स्वतःच्या अक्षरातला जुना कागद समोर ठेवला, तरी काहींना आपली नवी आठवणच खरी वाटत राहिली.

याचा व्यवहारात अर्थ असा. जखमीचा जबाब घ्यायचा असेल तर फोटो आणि बातम्या दाखवण्याआधी, त्याच्या शब्दांत, मध्ये न बोलता घ्यावा. ‘इंजिन बंद पडलं होतं ना?’ असं सुचवू नये, ‘काय आठवतं ते सांग’ एवढंच म्हणावं. आणि ‘आठवत नाही’ हे उत्तर प्रामाणिक मानावं.

घरच्यांनी काय करावं?

भेटीला येणारा प्रत्येक जण मोबाइल काढून फोटो दाखवतो. प्रेमापोटीच, पण हे टाळावं. रुग्णाने स्वतः मागितला तरच फोटो दाखवावा. आधी सांगावं की फोटोत काय आहे, मग दाखवावा, आणि नको म्हणाला की लगेच दूर करावा. रुग्णाला झोपवून सगळे बातम्यांच्या चित्रफिती पाहत बसले आहेत, हेही बरं नाही. २०१३ च्या बॉस्टन मॅरेथॉन बाँबस्फोटानंतरच्या अभ्यासात, पहिल्या आठवड्यात रोज सहा तासांहून अधिक वेळ बातम्या आणि दृश्यं पाहणाऱ्यांमध्ये, प्रत्यक्ष स्फोटाच्या ठिकाणी असलेल्यांपेक्षाही ताणाची लक्षणं जास्त आढळली.

पहिले काही दिवस दचकणं, झोप उडणं, तोच आवाज कानात घुमणं हे स्वाभाविक आहे. खोदून खोदून ‘सांग, मन मोकळं कर’ असा आग्रह धरल्याने फायदा होत नाही. जवळ बसणं, जेवण, झोप, वेदनेवर नीट उपचार आणि खरी माहिती, एवढ्याने बरेच जण सावरतात. मात्र एक महिना उलटूनही स्वप्नं, भीती, चिडचिड, गाडीत बसायलाही नकार किंवा ‘तो गेला आणि मी का राहिलो’ हा अपराधीपणा कमी होत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञ गाठावा. यावर परिणामकारक उपचार आहेत. ‘टेलिमानस’ या सरकारी सेवेचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.

झोळी चुकली का?

वर्डीच्या डोंगरातली साडीची झोळी पाहून कोणी म्हणेल, कण्याला इजा असेल तर असं उचलू नये. पुस्तकात ते बरोबर आहे. मान आणि पाठ एका रेषेत ठेवून, कडक फळीवर, तीन-चार जणांनी एकाच वेळी उचलणं उत्तम. पण आपत्कालीन वैद्यकात आणखी एक नियम आहे : जागा धोक्याची असेल किंवा मदत तिथवर पोचू शकत नसेल, तर हलवणं हाच उपचार. पेट्रोलचा वास, रस्ता नाही, पावसाचे दिवस आणि रक्तस्रावाची शक्यता. अशा वेळी वाट पाहत बसण्यापेक्षा झोळी बरी.

आपल्या शिवारात असं काही घडलं तर एवढं लक्षात ठेवावं. आधी १०८ आणि ११२ ला फोन करावा आणि जवळची ठळक खूण सांगावी. विडी-काडी पेटवू नये, इंजिन आणि पंख्याच्या पात्यापासून दूर राहावं. आग किंवा धूर नसेल आणि जखमी श्वास घेत असेल, तर त्याला ओढून काढायची घाई करू नये. एकाने दोन्ही हातांनी डोकं स्थिर धरावं. वाहतं रक्त स्वच्छ कापडाने दाबून धरावं. मोडलेला पाय काठी आणि कापडाने आहे त्या स्थितीत बांधावा. पाणी, चहा पाजू नये. न्यायचंच असेल तर खाट किंवा दाराची फळी शोधावी, आणि तीही नसेल तर दोन मजबूत बांबूंना जाड कापड बांधावं. माणसं बाहेर निघाल्यावर अवशेषांना हात लावू नये. पंख्याची वाकलेली पाती, तुटलेली तार, कुठे काय पडलं, हे सगळं तपासाचा पुरावा असतं. एखादा तुकडा आठवण म्हणून घरी नेला, तर अपघाताचं कारण कायमचं हरवू शकतं.

शिरपूर, धुळे, जळगाव या पट्ट्यात वैमानिक प्रशिक्षण रुजलं आहे, त्यामुळे डोक्यावरून जाणारी छोटी विमानं इथे नवीन राहिलेली नाहीत. तरीही आपल्यापैकी बहुतेकांच्या वाट्याला विमान अपघात कधी येणार नाही. मोटारीचा आणि दुचाकीचा येऊ शकतो. सुरत-नागपूर महामार्गावर रोज धावणाऱ्या गाड्यांनाही हाच हिशेब लागू आहे. थांबायला मिळणारं अंतर, शरीराला धरून ठेवणारा पट्टा, डोक्यावरचं हेल्मेट आणि समोर काही टणक नसणं. गाडीच्या मागच्या सीटवर बसणाऱ्यानेही पट्टा लावायला हवा, तो याचसाठी.

आणि पुढच्या वेळी मोबाइलवर चक्काचूर झालेल्या वाहनाचा फोटो आला, तर पुढे पाठवण्याआधी तारीख आणि ठिकाण तपासून घ्यावं. त्यातला जखमी कदाचित अजून रुग्णालयात असेल आणि त्याच्या आईने तो फोटो पाहिलेला नसेल.